सातवी नक्कल

खोटंच सांगायचं असतं तर मी रात्रीची वेळ निवडली असती.

वीज गेली होती म्हटलं असतं. कुत्री रडत होती म्हटलं असतं.

पण हे सगळं दिवसाढवळ्या घडलं. सुरुवात झाली ती एका रविवारी, दुपारी चार वाजता, सव्वाशे माणसांनी भरलेल्या सभागृहात. आणि शेवट झाला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीतून चांगलं ऊन येत असताना. या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. देवाला स्मरून सांगते, यातला एक शब्दही पदरचा नाही.

माझा मोठा भाऊ, दादा, गाऊन निरूपण करायचा. म्हणजे आधी गोष्ट सांगायची, गोष्टीतून पद उचलायचं, पद गाता गाता पुन्हा गोष्टीत शिरायचं. मी त्याची बहीण म्हणून सांगत नाही, पण त्याचं निरूपण ऐकून उठलेला माणूस घरी जाऊन भांडत नसे. निदान त्या दिवशी तरी.

त्याच्या मागे, डाव्या खांद्याशी, एका लाकडी स्टुलावर वहिनी बसायची. दादा ओळ म्हणायचा आणि थांबायचा. ती ओळ वहिनी मागून उचलायची. आवाज बारीक, पण काचेसारखा स्वच्छ.

एकच खोड होती तिची. ठेका पडायच्या जरा आधीच ती उचलायची. अर्धी मात्रा आधी. नेहमी.

"अगं, गाडी सुटतेय का तुझी?" दादा भर सभेत मागे वळून म्हणायचा. लोक हसायचे. वहिनीही हसायची आणि पुढच्या ओळीला पुन्हा तेच करायची.

वहिनी गेली तेव्हा दादा त्रेपन्न वर्षांचा होता. त्याने दुसरं कुणी साथीला घेतलं नाही. पेटी वाजवणारे मास्तर तेवढे राहिले, आणि ते गात नसत. स्टूल मात्र तिथेच असायचं. रिकामं. दादा ओळ म्हणायचा, थांबायचा, एक ओळ मावेल एवढी जागा सोडायचा. आणि मग पुढे जायचा.

लोकांना त्या शांततेची सवय झाली होती.

दोन वर्षांनी दादाच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मंगळवारी शस्त्रक्रिया ठरली. त्याच्या आधीच्या रविवारी दादाचं शेवटचं निरूपण.

"बारके," दादा मला म्हणाला. माझे केस पांढरे व्हायला लागले होते तरी मी त्याची बारकीच. "हे एवढं नीट धरून ठेव. मग मी आयुष्यभर गप्प बसायला मोकळा."

हसत म्हणाला. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

आणि दुसऱ्या दिवशी व्हिडिओ रेकॉर्डर घ्यायला बाहेर पडले.

मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करायचे. मला यंत्रांतलं काय कळणार? पण बाजाराच्या टोकाला एक दुरुस्तीचं दुकान होतं. त्या गृहस्थांना सगळे डोकेकाका म्हणत, कारण कुठलंही यंत्र नेलं की ते पहिलं वाक्य बोलत, "डोकी घाण झालीत." म्हणजे रेकॉर्डरची हेडं, जी टेपवर फिरतात आणि लिहितात, वाचतात.

"काका, चांगलं रेकॉर्डिंग हवंय. एकदाच मिळणार आहे."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "ताई, लोक येतात आणि विचारतात, कुठल्या मशीनला जास्त दिवे आहेत. तुम्ही पहिल्या निघालात. बसा."

मग त्यांनी मला तासभर शिकवलं. दोन डोक्यांचं नको, चार डोक्यांचं मशीन घ्या. ("माणसाला एक असतं आणि तेही पुरतं वापरत नाही.") आवाजासाठी कॅमेऱ्यातला माइक अजिबात नको, वेगळा माइक गाणाऱ्याच्या छातीजवळ. टेप तीन तासांचीच. पाच तासांची घेऊ नका, टेप जितकी लांब तितकी पातळ, ती ताणते, सुरकुतते. वेग साधा ठेवायचा. हळू वेगावर टेप पुरते जास्त, पण आवाज चिखलातून चालल्यासारखा येतो. कोरी टेप आधी शेवटपर्यंत पळवायची आणि परत आणायची, म्हणजे गुंडाळी सैल होते. नंतर पुस्तकासारखी उभी ठेवायची.

"आणि रेकॉर्डिंग झालं की हे तोडायचं." कॅसेटच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी त्यांनी दाखवली. "ही तुटली की कुणाला त्यावर पुसून लिहिता येत नाही. तुमच्याकडून चुकूनसुद्धा नाही."

"कधीच नाही?"

"या भोकावर चिकटपट्टी लावली तर येतं. पण असा गाढवपणा कोण करतो?"

निघताना त्यांनी शेवटचं सांगितलं. "मूळ टेप रोज वाजवायची नाही, झिजते. नक्कल काढून ती वाजवा. पण प्रत्येक नक्कल मुळावरूनच काढा. नकलेची नक्कल काढली की प्रत्येक वेळी काहीतरी कमी होतं."

मी मान डोलावली.

हे शेवटचं मी ऐकलं असतं तर...

रविवारी सगळं त्यांच्या सांगण्याप्रमाणे झालं. डोकेकाका स्वतः कॅमेरा घेऊन आले. दादाने वाट चुकलेल्या दोन वाटसरूंची गोष्ट लावली आणि तिच्यावरचं त्याचं आवडतं पद घेतलं.

*दिवा ठेव दारी, कोणी वाट चुके,*
*एक पुढे जाई, दुजा मागे थके.*

पहिली ओळ म्हणून तो थांबला. सवयीने.

सव्वाशे माणसं आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मागे रिकामं स्टूल.

मग तो दुसऱ्या ओळीकडे गेला.

घरी येऊन टेप एकदा लावली. आरशासारखं चित्र. दादाच्या कपाळावरचा घाम दिसत होता. मधल्या जागांत फक्त टेपची बारीक खरखर. मी कडेची पट्टी तोडली, कॅसेटला नमस्कार केला आणि ती कपाटात उभी ठेवली.

मंगळवारी दादाचा आवाज गेला.

घरी आला तेव्हा गळ्यावर पांढरी पट्टी आणि हातात पाटी. पहिल्या दिवशी त्याने पाटीवर लिहिलं, "आता भांडणात तू जिंकणार." त्यानंतर बरेच दिवस फार काही लिहिलं नाही. खिडकीशी बसून राहायचा. जेवायला बोलावलं तर यायचा, वाढलं तेवढं खायचा, परत खिडकीशी.

मी नकला काढायला घेतल्या. दादा स्वतःचं ऐकायला तयार नव्हता, पण नातेवाईक मागत होते. काकांकडून दुसरं मशीन आणलं, दोन्हींना वायरने जोडलं. मुळावरून पहिली नक्कल काढली.

आणि मग मला मुळाची दया आली.

हसू नका. त्या एका कॅसेटमध्ये माझा भाऊ होता. प्रत्येक वेळी ती मशीनमध्ये घालायची, झिजवायची? माझा हात होईना. म्हणून दुसरी नक्कल मी पहिलीवरून काढली. तिसरी दुसरीवरून. जी शेवटची, तिच्यावरून पुढची.

तिसरी आत्याला पाठवली, दुसऱ्या गावी. आठ दिवसांनी दुपारी तिचा दवाखान्यात फोन आला.

"पोचलं गं. छान आलंय. पण मागे ती कोण बसवलीत?"

"मागे? मागे कुणी नाही आत्या. मास्तरांची पेटी आहे."

"पेटी आणि बाई यांतला फरक कळतो मला. बहिरी नाही झाले अजून. आवाज गोड आहे, पण तालाची बोंब. जरा धीर म्हणून नाही, आपली आधीच उचलते..."

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

संध्याकाळी घरी येऊन मी पहिली नक्कल लावली. काही नाही. खरखर.

दुसरी लावली. आवाज वाढवला. कान पडद्याला लावला.

दादा म्हणाला, *दिवा ठेव दारी, कोणी वाट चुके.*

थांबला.

आणि त्या खरखरीच्या आत... खूप लांबून... कुणीतरी तीच ओळ म्हणालं.

अर्धी मात्रा आधी.

मी मशीन बंद केलं. म्हटलं, मनाचे खेळ. खात्री करायला चौथी नक्कल काढायची असं ठरवलं. आत्याची तिसरी मागवून घेतली आणि तिच्यावरून चौथी काढली.

चौथीत कान लावायची गरजच पडली नाही.

दुसऱ्या दिवशी चारही टेप घेऊन डोकेकाकांकडे गेले. त्यांनी आधी डोकी साफ केली, अर्थातच. मग एक ते चार ओळीने ऐकल्या. चौथीला त्यांनी आपला चहा तसाच ठेवला.

"नकलेत कमी होतं ताई," ते सावकाश म्हणाले. "वीस वर्षं हेच करतोय. कमी होतं. वाढत कधी नाही."

"दादाचा आवाज कमी झालाय ना?"

"झालाय. बराच." ते पडद्याकडे बघत राहिले. "त्या स्टुलावर कोण बसलं होतं?"

"कुणी नाही. काका, कॅमेरा तुम्हीच लावला होतात."

"हो. मी लावला होता. पहिल्या टेपमध्ये स्टूल दिसतं. मग इथे का दिसत नाही?"

मी बघितलं.

चित्र दाणेदार झालं होतं. दादा दिसत होता, पेटी दिसत होती, मागची भिंत दिसत होती. फक्त स्टुलाची जागा... तिथे कुणी नव्हतं. चेहरा नाही, आकार नाही. पण स्टूलही नव्हतं. काहीतरी मध्ये आल्यावर दिसत नाही, तसं.

काकांनी बटण दाबलं. "नेऊ नका घरी हे."

पण मी नेलं. दादाचा आवाज होता ना त्यात.

आणि घरी ठेवलेली गोष्ट किती दिवस लपते? शनिवारी मी भाजी घेऊन आले तर पुढच्या खोलीत टेप चालू होती. चौथी. दादा जमिनीवर बसला होता, पडद्यापासून हातभर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा.

त्याने पाटी उचलली.

"घाई बघ तिची."

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी पाचवी काढून दिली.

पाचवीत वहिनी समोर बसून गात असावी इतकी स्वच्छ होती. दादा मात्र भिंतीपलीकडून बोलल्यासारखा. आणि आता ती अर्धी मात्रा आधी नव्हती... दादाची ओळ निम्मी झाली की तिची सुरू होत होती.

"अजून एक," पाटीवर आलं.

"दादा, तुझा आवाज जातोय त्यातून."

त्याने पुसलं आणि लिहिलं. "तो गेलाच आहे. बारके, एकच."

माणूस जेवायला लागला होता. दाढी करायला लागला होता. सकाळी गुडघ्यावर ठेका धरून बसायचा. मी सहावी काढली.

सहावीत दादाने अजून ओळ सुरूही केलेली नाही. पडद्यावर त्याचे ओठ बंद आहेत... आणि वहिनी म्हणतेय, *एक पुढे जाई.* तो पहिल्या ओळीवर पोचतो तेव्हा ती दुसरी संपवून तिसरीवर गेलेली असते. तिचा आवाज प्रत्येक ओळीला थोडा लांब जातो. वाटेवर पुढे निघालेल्या माणसासारखा.

दादा हसत नव्हता आता. त्याने पाटीवर लिहिलं, खडू मोडेपर्यंत दाबून.

"पुढे गेली. थांबत नाही."

मग खाली, बारीक अक्षरात. "गाठायला हवी."

मला माझा भाऊ हवा होता. मुका, चिडका, खिडकीशी बसलेला, कसाही. मी म्हटलं, "पुरे. सातवी निघणार नाही. माझी शपथ आहे तुला." घरात कोरी टेप एकही ठेवली नाही. सहाही नकला डोकेकाकांना देऊन आले, म्हटलं, जाळा नाहीतर काहीही करा. त्यांचं दुसरं मशीनही परत करायला बांधून ठेवलं, जोडायची वायर माझ्या पर्समध्ये टाकली.

मूळ टेप तेवढी कपाटात राहिली. तिच्यात तर काही नव्हतंच.

दादाने काही विरोध केला नाही. चार दिवस शांत होता. मला वाटलं, सुटलो.

गुरुवारी साडेपाचला मी दवाखान्यातून घरी आले. दार लोटलेलं होतं. खिडकीतून ऊन पडलं होतं. आतून आवाज येत नव्हता, फक्त टेप संपल्यावर पडद्याची जी सुरसुर होते, ती.

दोन्ही मशीनं जोडलेली होती. नव्या वायरने.

डोकेकाकांनी मला नंतर रडत सांगितलं. सकाळी दादा स्वतः चालत दुकानात आला होता. पाटीवर लिहिलं होतं, "सहावी द्या. आणि वायर. बहिणीने मागितलंय." काकांनी टेप जाळल्या नव्हत्या. त्यांनाही जाळवल्या नव्हत्या. आणि मुक्या माणसाला नाही कसं म्हणायचं, म्हणाले.

एका मशीनमध्ये सहावी होती.

दुसऱ्यात, ज्याच्यावर उतरवायचं त्यात... मूळ टेप.

कडेच्या तुटलेल्या पट्टीच्या भोकावर चिकटपट्टी लावलेली होती. पांढरी, दवाखान्यातली. दादाच्या गळ्याच्या पट्टीची. मीच आणून दिलेली.

दादा खुर्चीत बसला होता. पडद्याकडे तोंड. उजवा हात गुडघ्यावर, बोटं ठेक्यासाठी जराशी उचललेली.

गार होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. झोपेत गेल्यासारखे गेलेत, त्रास झाला नाही. असेलही. मी पाटी बघितली. मांडीवर पालथी पडली होती. एकच शब्द होता.

"थांबली."

पंधरा दिवस मी त्या टेपला हात लावला नाही. मग एके दिवशी दुपारी देवापाशी बसले, मन घट्ट केलं आणि लावली. दादा गेल्याचं कळल्यावर काकांनी बाकीच्या पाचही नकला जाळल्या होत्या. माझ्या भावाचं शेवटचं निरूपण आता जगात कुठेही धड शिल्लक नव्हतं. मला बघायचं होतं, त्याच्या जागी काय उरलंय.

चित्र जवळजवळ नव्हतंच. नुसती पांढरी भुरभुर.

आधी वहिनीचा आवाज आला. *दिवा ठेव दारी, कोणी वाट चुके.* शांत. घाई नाही. ओळ संपवून ती थांबली.

आणि मागून तीच ओळ उचलली... दादाने.

रविवारचा थकलेला, गाठ झालेला आवाज नव्हता तो. तरुणपणी गायचा, तेव्हाचा. मोकळा. जन्मभर पुढे बसून गायलेला माणूस मागून साथ करत होता. आणि बरोबर ठेक्यावर.

मी खूप रडले. भीतीने नाही. खरंच सांगते, त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मनात म्हटलं, देवा, तुझी करणी तुलाच ठाऊक. पोचली दोघं.

मी बंद करायला हात पुढे केला.

तेव्हा लक्षात आलं.

वहिनी ओळ म्हणत होती. दादा मागून म्हणत होता. आणि मग लगेच पुढची ओळ येत नव्हती. मध्ये जागा होती. शांत, खरखरीची. एक ओळ मावेल एवढी.

प्रत्येक ओळीनंतर.

दोघं थांबत होती...

मी वायर ओढून काढली. ती टेप आजही माझ्याकडे आहे, पुस्तकासारखी उभी. रेकॉर्डर केव्हाच मोडीत दिला. डोकेकाका वारले. आता ती टेप वाजवायचं म्हटलं तरी गावात यंत्र सापडणार नाही. याचं मला बरं वाटतं.

निरूपणं ऐकायला मी अजून जाते. त्याशिवाय मला आठवडा जात नाही. सगळ्यांबरोबर मागून ओळ म्हणते. त्यात घाबरण्यासारखं काय आहे, देवाचं नाव आहे, अशी इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले.

गेल्या रविवारी माझ्या शेजारी एक अनोळखी बाई बसल्या होत्या. पद संपलं तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. हसून म्हणाल्या,

"आवाज गोड आहे हो तुमचा. पण जरा घाई करता."

मीही हसले.

तेव्हापासून ओठ घट्ट मिटून बसते. पण पद रंगात आलं, गाणारा ओळ संपवून थांबला, की ठेका पडायच्या जरा आधी...

ते आपोआप उघडतात.